घराचा आणि कारखान्याचा पर्यावरण-हिशोब कसा मांडायचा

महावितरणच्या वीजबिलावर मागच्या काही महिन्यांचा वापर दाखवणारा एक छोटा आलेख असतो. बहुतेक घरांत बिल येतं, रक्कम बघून भरलं जातं आणि आलेख न वाचताच राहतो. ‘घर पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: त्या आलेखापासून. बांबूचा ब्रश, कागदी स्ट्रॉ, कापडी पिशवी यांचा विचार नंतर. आधी वीजबिल, वर्षभरात लागलेले सिलिंडर, पेट्रोलचा खर्च आणि कचऱ्याच्या डब्याचं वजन.

असं म्हणण्यामागे कारण आहे. डोळ्यांना जे दिसतं, तेच आपल्याला मोठं वाटतं. नाल्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी दिसते. पण गिझर चालू केला की चंद्रपूर, कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा दिसत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडला तर रंगही नाही, वासही नाही. त्यामुळे मनापासून काही करू पाहणारी माणसं सगळी मेहनत दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करतात आणि सर्वांत मोठा वाटा तसाच राहून जातो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण इच्छा असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या हातात हिशोब नाही.

तो हिशोब अवघड नाही. चार आकडे पुरतात. आपल्या देशातल्या वीजजाळ्यातून आलेल्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा आकडा केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो, डिझेलमागे सुमारे २.७ किलो.

आता एक मध्यमवर्गीय शहरी घर घेऊ. महिन्याला २०० युनिट वीज म्हणजे वर्षाला २,४०० युनिट, म्हणजे जवळजवळ १.७ टन. वर्षाला आठ सिलिंडर म्हणजे ३४० किलो. दुचाकीला महिन्याला २० लिटर पेट्रोल म्हणजे वर्षाला ५५० किलो. बेरीज झाली २.६ टनांच्या आसपास. त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या विजेचा आहे. स्वयंपाकाचा गॅस, ज्याच्या बचतीबद्दल आपल्या घरांत सर्वांत जास्त बोललं जातं, तो तिघांत सर्वांत लहान निघाला. तुमच्या घरी आकडे वेगळे येतील, कदाचित क्रमही बदलेल. कुणाच्या घरी चारचाकी रोज चाळीस किलोमीटर जात असेल, तर तिथे पेट्रोलच पहिल्या क्रमांकावर येईल. म्हणून दुसऱ्याची यादी उचलून उपयोग नसतो.

या बेरजेशेजारी आणखी एक आकडा ठेवून बघा. मुंबई ते लंडन विमानाने जाऊन-येऊन माणशी सुमारे एक टन. परदेशातल्या मुलाकडे आईवडील गेले, किंवा तिकडचे चौघे दिवाळीला इकडे आले, तर त्या एका प्रवासाचा भार घराच्या वर्षभराच्या वीज, गॅस आणि पेट्रोलच्या जवळपास किंवा त्याच्याही वर जातो. नातवंडांना भेटायला जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण दोन लहान फेऱ्यांऐवजी एक लांब मुक्काम हा पर्याय या आकड्यामुळेच सुचतो.

या हिशोबात जे आलं नाही तेही ध्यानात असू द्या: खाण्यापिण्याच्या वस्तू, कपडे, मोबाइल, घराचं सिमेंट आणि लोखंड. त्यांचा भार दुसरीकडे कुठेतरी पडलेला असतो आणि तो नेमका मोजणं कठीण असतं. आणि ज्या घरात महिन्याला ५०-६० युनिटच जळतात, दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढंच आहे, त्यांना ‘बचत करा’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्याकडे कमी करण्यासारखं काही नाही. हा लेख ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी.

वीज नेमकी कुठे जाते

उष्णता आणि गारवा. या दोन कामांना वीज सर्वांत जास्त लागते. दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही यांच्यावर लक्ष ठेवून फार काही हाती लागत नाही, विशेषतः एलईडी दिवे आल्यापासून.

आंघोळीची एक बादली घ्या. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. हे भौतिकशास्त्र आहे. गिझर कितीही महागडा असला तरी ते बदलत नाही. चौघांच्या घरात दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. गिझर तासभर आधी लावून ठेवला तर टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी. म्हणूनच गच्चीवरचा सौर बंब ही मला नव्या सगळ्या उपकरणांपेक्षा सरस वस्तू वाटते. तो विजेशिवाय तेच काम करतो, वर्षानुवर्षं टिकतो, पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर गिझरची गरज पडत नाही. सौर बंब, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत असे प्रकल्प चालू असतील तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. मात्र कित्येक इमारतींत बंब गच्चीवर आहे आणि त्याची पाइपलाइन क्षार साचून बंद पडलेली आहे. सवलत चालू, बंब बंद. असं असेल तर नवं काही विकत घेण्याआधी प्लंबरला बोलवा.

पंख्याचं गणित तर आणखी सोपं. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील तर हिशोब तुम्हीच करा. इथे एक गोष्ट बिलातच दडलेली असते: आपले घरगुती वीजदर स्लॅबचे आहेत. जितका वापर जास्त, तितकं वरचं युनिट महाग. बचत होते ती नेहमी वरच्या, महागड्या युनिटांची. बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, त्याने हिशोब केला तर फायदा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि माणूस पंखा बदलायचा राहतो.

एसीबद्दल सांगायचं तर तापमान एक अंशाने वाढवलं की वापर साधारण सहा टक्के घटतो, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण एसीतल्या गॅसबद्दल फार कमी लोक बोलतात. जुन्या एसीत आर-२२ नावाचा गॅस असतो. तो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास १,८०० पट तापवतो. एक किलो गॅस गळला म्हणजे १.८ टन, आपण वर घेतलेल्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षाही जास्त. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ म्हणणारा मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. गॅस वापरला जात नसतो, तो गळतच असतो. म्हणून गळती शोधून, झाळून, मगच गॅस भरायचा आग्रह धरा. नव्या एसीतल्या आर-३२ ची तीव्रता ६७५ पट आहे. म्हणजे बरीच कमी, पण शून्य नाही. जुना एसी भंगारात देताना त्यातला गॅस हवेत सोडून देऊ नये, तो काढून साठवून घ्यावा, एवढं विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तरी धंद्याची सवय बदलेल.

जुनी वस्तू ठेवावी की बदलावी? यावर दोन्ही बाजूंनी ठाम मतं ऐकू येतात. उत्तर वस्तूवर अवलंबून आहे. ज्या वस्तूचा भार मुख्यतः तयार होताना पडतो, ती मोडेपर्यंत वापरायची: मोबाइल, कपडे, फर्निचर, भांडी. मोबाइलच्या एकूण भाराचा फार मोठा हिस्सा तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच झालेला असतो, त्यामुळे दोन वर्षांऐवजी पाच वर्षं वापरणं ही त्यातली खरी बचत. ज्या वस्तूचा भार वापरताना पडतो, ती फार जुनी आणि खादाड असेल तर बदलणं योग्य: वीस वर्षांचा फ्रिज, जुना पंखा, रिवाइंड करून करून दमलेली पाण्याची मोटर. आणि बदललेला जुना फ्रिज गॅलरीत ‘कोल्ड्रिंकसाठी’ चालू ठेवला तर बचत उलटी होते.

विजेवरच्या दुचाकीला हीच फूटपट्टी लावा. एका किलोमीटरला ३०-३५ वॉट-तास धरले तर आपल्या कोळशाच्या विजेवरही किलोमीटरमागे २५ ग्रॅमच्या आसपास. ४५ किलोमीटर मायलेज देणाऱ्या पेट्रोल स्कूटरमागे ५० ग्रॅमच्या वर. म्हणजे ‘वीज तरी कोळशाचीच ना’ हा आक्षेप खरा असूनही विजेची गाडी निम्म्यावर येते. महिन्याला शंभरच किलोमीटर फिरणाऱ्याने मात्र चांगली चालणारी स्कूटर टाकून नवी घ्यायची घाई करू नये.

छतावरचं ऊन

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपयांचं केंद्राचं अनुदान आहे. महाराष्ट्रातल्या उन्हात एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, आणि त्याला गच्चीची साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी वापर कमी करा, मग सौर यंत्रणेचा आकार ठरवा. पंखे बदलून आणि बंब सुरू करून २०० युनिटांवरून १३० वर आलेल्या घराला दोन किलोवॉटऐवजी एक-दीड किलोवॉटही पुरू शकतो. उलट्या क्रमाने जाणारी घरं बिल शून्य झाल्याच्या आनंदात दोन एसी वाढवतात. छतावरची जास्तीची वीज जाळ्यात गेली असती तर तिथल्या कोळशाची तेवढी वीज वाचली असती, हे बिलात दिसत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. गच्ची कुणाची, यावरून वर्षानुवर्षं बैठका होतात. भाड्याच्या घरात बिल भरतो भाडेकरू आणि पंखा बदलायचा असतो मालकाने. मालकाला त्यात फायदा नाही, भाडेकरूला अकरा महिन्यांची खात्री नाही. जगभरात ऊर्जाबचत अडते ती बऱ्याचदा अशाच ठिकाणी, तंत्रज्ञानामुळे क्वचितच. बीएलडीसी पंखे भाडेकरूने घेऊन जाताना सोबत न्यावेत, किंवा मालकाने बसवून भाड्यात थोडं वाढवावं, असा सरळ करार करणं हा मला यातला सगळ्यात व्यवहार्य मार्ग वाटतो.

कचऱ्याचा डबा आणि पिशवी

पुण्याचा मिश्र कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात राहिला. तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, डेपोला आगी लागल्या, त्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. शहर स्वच्छ दिसत होतं ते त्या दोन गावांच्या जिवावर. हे माहीत असून ओला-सुका एकत्र टाकणं ही माझ्या मते निष्काळजीपणापेक्षा गंभीर गोष्ट आहे.

ओला कचरा डेपोत दाबला गेला की हवा न मिळाल्याने कुजून मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तोच कचरा घरी हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन जवळपास होत नाही आणि खत मिळतं. भोकं असलेली बादली किंवा टोपली, तळाला नारळाच्या शेंड्या, भाजीच्या देठांचा एक थर, त्यावर सुक्या पानांचा तेवढाच किंवा थोडा जास्त थर. वास आला तर पाणी जास्त आणि सुकं कमी झालंय. मूठ-दोन मूठ वाळलेली पानं घालून हलवा. मुंग्या झाल्या तर फार सुकलंय. थोडं पाणी शिंपडा. सोसायटीच्या आवारात जाळल्या जाणाऱ्या पानांना इथेच काम मिळतं.

सुका कचरा वेगळा दिला की तो विकला जातो, आणि ते काम माणसं करतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. डेपोत उकिरडा चिवडून मिळवायची ती वस्तू त्यांना दारात कोरडी मिळाली तर पुनर्वापर वाढतो आणि त्यांचे हातही कमी कापतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून वेगळे देणं ही सवय त्यांच्यासाठीच सुरू झाली.

आता पिशवी. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात असं निघालं की सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कुठे हवामानाच्या हिशोबात ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कारण कापसाचं पीक, सूत, विणकाम यांचा भार मोठा असतो. म्हणजे प्लास्टिक चांगलं, असा अर्थ काढू नका. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईचे नाले तुंबले त्यात या पातळ पिशव्यांचाही वाटा होता, आणि गाईच्या पोटात सापडणारा गोळा कार्बनच्या हिशोबात येत नाही. अर्थ एवढाच की प्रत्येक समारंभात वाटली जाणारी, नाव छापलेली नवी कापडी पिशवी पर्यावरणाच्या कामाची नाही. जुन्या साडीची, जुन्या चादरीची शिवलेली आणि वर्षानुवर्षं गाडीच्या डिकीत राहणारी पिशवी कामाची. ‘विघटनशील’ लिहिलेल्या पिशव्यांबाबत सावध राहा. काहींचे फक्त बारीक तुकडे होतात. खरोखर खत होणाऱ्या पिशवीवर आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो, आणि तिलाही खतप्रकल्पाची उष्णता लागते. कुंडीत ती तशीच पडून राहू शकते.

कारखान्यात खरा बदल कुठे होतो

कोल्हापूरच्या फाउंड्रींचं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचं उदाहरण घेतो. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळात वाढलेला हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत पसरला आणि आज वाहन उद्योगाला कास्टिंग (साच्यात ओतून केलेले भाग) पुरवतो. अशा कारखान्याला ‘हिरवं’ करायचं म्हटलं की पहिली सूचना येते झाडं लावण्याची, दुसरी शेडवर सौर पॅनेलची. दोन्ही चांगल्या. पण फाउंड्रीत विजेचा सिंहाचा वाटा जातो भट्टीत.

एक टन लोखंड १,५०० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला शास्त्राच्या हिशोबाने सुमारे ४०० युनिट पुरेसे आहेत. इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात लागतात ५५० ते ६५०, काही ठिकाणी त्याहून जास्त. काही तोटा यंत्राचा, तो टळत नाही. उरलेला बराचसा रोजच्या सवयींचा: भट्टीचं झाकण उघडं, स्क्रॅपला चिकटलेली वाळू आणि गंज (तीही तापवावी लागते आणि शेवटी मळी होऊन निघते), साचे तयार नाहीत म्हणून वितळलेला रस भट्टीत धरून ठेवणं, न तापवलेलं लॅडल (रस ओतायचं भांडं), गरजेपेक्षा पन्नास अंश जास्त तापवण्याची ‘सेफ्टी’. यातल्या एकाही गोष्टीला मोठी गुंतवणूक लागत नाही. लागतं ते प्रत्येक हीटचं (भट्टीच्या एका खेपेचं) युनिट लिहून ठेवणारं एक मीटर आणि तो कागद रोज सकाळी बघणारा माणूस.

त्याहूनही मोठी बचत यील्डमध्ये असते, आणि इथे मी जरा थांबणार आहे. ओतलेल्या धातूपैकी विकता येणारं कास्टिंग किती, हे यील्ड. बाकीचं रनर, रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत घट्ट झालेला धातू) आणि रिजेक्शनच्या रूपाने परत भट्टीत येतं. यील्ड ६० टक्के असेल तर एक टन चांगल्या मालासाठी १.६७ टन वितळवावं लागतं. ६५ टक्के झालं तर १.५४ टन. टनामागे ६०० युनिट धरले तर प्रत्येक टन मालामागे ७७ युनिट वाचले. महिन्याला २०० टन माल काढणारी फाउंड्री असेल तर १५,४०० युनिट, म्हणजे महिन्याला ११ टन आणि वर्षाला १३० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. हेच झाडांकडून भरून काढायचं तर पूर्ण वाढलेली हजारो झाडं लागतील, आणि ती वाढायला पंधरा-वीस वर्षं. गेटिंगची, म्हणजे साच्यात रस जाण्याच्या वाटांची रचना सुधारणारा, सिम्युलेशन करणारा, वाळूची ओल तपासणारा माणूस स्वतःला पर्यावरणवादी म्हणवत नसेल, पण कारखान्यातलं सर्वांत मोठं पर्यावरणाचं काम त्याच्या टेबलावर होत असतं.

दाबाखालची हवा ही दुसरी जागा. कारखान्यात हवा फुकट वाटते. पण सात बार दाबावर पाइपला पडलेलं तीन मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरची तीन ते चार किलोवॉट शक्ती खातं, दिवसरात्र. गळती मोजायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणीच वापरत नसताना तो जितका वेळ लोडवर येतो, म्हणजे हवा दाबत राहतो, भागिले एकूण वेळ, तेवढे टक्के गळती. २०-३० टक्के निघणं मुळीच विरळ नाही. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासा. मग दाब एक बारने कमी करून बघा. काम अडलं नाही तर आणखी सहा-सात टक्के वाचले.

सौरऊर्जेचा क्रमांक यानंतर. राज्यातल्या उद्योगांना पूर्वी रात्रीच्या विजेवर सवलत मिळे, म्हणून भट्ट्या रात्री पेटत; आता सवलती दिवसाच्या सौर तासांकडे वळल्या आहेत. मेल्टिंगची पाळी दिवसा आणणं हा कामगारांच्या झोपेसाठीही चांगला निर्णय आहे.

मोजणीच्या भाषेत उत्सर्जनाचे तीन स्कोप, म्हणजे भाग पाडतात. कारखान्याच्या आवारात जे जळतं, म्हणजे कोक, डिझेल, गॅस, तो पहिला. विकत घेतलेली वीज दुसरा. बाकी सगळं, म्हणजे येणारं पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप, वाहतूक, विकलेल्या मालाचं पुढे काय होतं, तो तिसरा. लहान कारखान्याने पहिले दोन नीट मोजावेत आणि तिसऱ्यातला सर्वांत मोठा एक-दोन घटक धरावा; परिपूर्ण अहवालाच्या मागे लागून वर्ष घालवू नये. या आकड्यांची मागणी आता दारात आली आहे. सेबीने २०२२-२३ पासून सर्वांत मोठ्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्या पुरवठादारांना विचारू लागल्या. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलादासह ठरावीक आयात मालाच्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली. जानेवारी २०२६ पासून त्यावर आकारणीचा टप्पा लागू झाला. लहान उद्योगांसाठी केंद्राची झेड (शून्य दोष, शून्य परिणाम) प्रमाणपत्र योजना आणि राज्याची महाऊर्जा ही संस्था आहे. ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करता येते.

कार्बन हा एकच आकडा धरून मात्र चालत नाही. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) छतावर सौर पॅनेल असेल आणि रंगीत पाणी पंचगंगेत जात असेल, तर नदीकाठच्या गावाला त्या पॅनेलचा काय उपयोग? कापडउद्योगाचा पहिला आकडा पाणी, फाउंड्रीचा वीज आणि वाळू, हॉटेलचा अन्न आणि गॅस, आयटी कंपनीचा बहुधा एसी आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास. प्रत्येक धंद्याने आपला सर्वांत मोठा घाव शोधायचा असतो. सोपा घाव शोधून त्याचा फोटो काढणं वेगळं.

दावे तपासायचे कसे

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द वापरायचे तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. जाहिरात मानक परिषदेनेही त्याच वर्षी फेब्रुवारीपासून असे नियम लागू केले. ग्राहक म्हणून तक्रार करता येते, आणि ती करावी.

‘प्रति नग उत्सर्जन २० टक्क्यांनी घटवलं’ हे वाक्य खरं असू शकतं आणि त्याच काळात उत्पादन दीडपट झालेलं असू शकतं. नदीला आणि हवेला एकूण आकडा कळतो, म्हणून दोन्ही विचारा. ‘आयएसओ १४००१’ प्रमाणपत्राचा अर्थ कंपनीकडे पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत आहे. प्रदूषण अमुक इतकं कमी आहे असं ते सांगत नाही. ‘कार्बन न्यूट्रल’ लिहिलेलं दिसलं तर स्वतःचं उत्सर्जन किती घटवलं आणि दुसऱ्यांनी केलेल्या घटीचे किती क्रेडिट विकत घेतले, हे वेगवेगळं मागा. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाबद्दल विचारताना ‘आहे का?’ असं विचारू नका. त्याच्या स्वतंत्र वीजमीटरचं मागच्या महिन्याचं वाचन मागा. प्रकल्प चालतो का, हे तिथेच कळतं.

स्वतःचा आकडाही तसाच तपासा. तुलना करताना मे महिन्याची मेशी करा, मेची डिसेंबरशी नको. उन्हाळा जास्त कडक होता का, घरात पाहुणे होते का, कारखान्यात कोणता माल जास्त निघाला, हे शेजारी लिहा. एका वेळी एकच बदल केला असेल तर कशाने किती फरक पडला ते कळतं. पंखे मार्चमध्ये बदलले, बंबाची पाइपलाइन नोव्हेंबरमध्ये दुरुस्त केली, अशा तारखा वीजबिलाच्या फाइलमध्येच नोंदवून ठेवा. सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकासोबत सामायिक मीटरची युनिटं, टँकरची संख्या आणि बाहेर गेलेल्या कचऱ्याचं वजन असा अर्ध्या पानाचा तक्ता मागच्या वर्षाच्या आकड्यांसह ठेवायला सचिवाला एक संध्याकाळ पुरते.